सोमवारी सांगते

त्या स्वयंपाकघरात नळाला पाणी होतं, पण निचरा नव्हता.
सिंकखाली एक निळी बादली
आणि तिची जबाबदारी माझी.
एकोणीस वर्षं, सोमवार ते शुक्रवार,
जाहिराती लागल्या की ओणवा होऊन
मी ती ओढून काढायचो.
कधी गाजराची सालं, कधी पिठाचं पांढरं पाणी,
एकदा ऑड्रीची अंगठी.

हॅलिफॅक्सच्या फेब्रुवारीत गाडी आधी उकरून काढावी लागते,
मग कामावर जाता येतं.
आत खिडकीबाहेर मात्र जून:
प्लायवूडवर रंगवलेलं सफरचंदाचं झाड,
त्यामागे दोन हजार वॉटचं ऊन.
त्या उन्हाकडे बघून ऑड्री सरेट म्हणायची,
"काय सुंदर सकाळ आहे!"
आणि खरंच कुणी कुणी उठून पडदे सरकवायचं.
तशी पत्रं यायची.

ओव्हन खोटा. खरा पार्किंगकडच्या खोलीत,
तिथे बर्निस पहाटे पाचपासून भाजत असायची:
एक कच्चा, एक अर्धामुर्धा, एक झालेला,
एक असू दे म्हणून.
ऑड्री कच्चा आत सरकवायची, दार लावायची,
दार उघडायची, झालेला बाहेर.
तीन सेकंदांत पन्नास मिनिटं.
माझी आई मरेपर्यंत म्हणायची,
त्या बाईचा ओव्हन फार गुणाचा.

बाकी काय काय यायचं.
टोप्या विणणारा म्हातारा मच्छीमार, पडद्यांची कापडं,
रक्तदाबावर बोलता बोलता घामाघूम झालेला डॉक्टर.
बकरीसुद्धा. तिनं थेट प्रक्षेपणात
सुक्या फुलांचा गुच्छ खाल्ला,
त्या वर्षी आमचे आकडे सगळ्यात वर होते.

मग उतरले.
आधी फुलवाली गेली, मग मेकअपवाली,
मग थेट प्रक्षेपणच गेलं.
पाच दिवसांचे पाच भाग गुरुवारीच उरकायचे;
ऑड्री मधल्या वेळात जॅकेट बदलायची,
सोमवार हिरवा, मंगळवार फिका, असं.
वेळ संपल्याची खूण करायचं कामही
माझ्याच गळ्यात पडलं.

एक दिवस टोरंटोहून एक पोरगेला माणूस आला,
सोबत सँडविचचा मोठा ट्रे.
बर्निसनं ट्रेकडे बघितलं, मला म्हणाली,
"आपल्याला बाहेरचं खायला घालतायत.
आटोपलं."

शेवटचा शुक्रवार तोवर चित्रित होऊन गेला होता.
त्यात निरोप नाही.
लिंबाचा केक आहे, जॅकेट जांभळं,
आणि माझा वर गेलेला हात बघून
ऑड्री घाईघाईनं म्हणते,
"केक मधोमध का बसतो, ते सोमवारी सांगते."

सोमवारी अकराला न्यायालय लागलं.
कुत्रा चावला म्हणून भांडणारे दोन शेजारी.

सेट मोडीत निघाला. जून कुणीतरी चाळीस डॉलरला नेला,
कोंबड्यांच्या खुराड्याला लावायला म्हणे.
ऑड्री बहिणीकडे यार्मथला गेली, फोन उचलत नाही.
बादली मी घेतली. कुणी विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी स्टेशनच्या पत्त्यावर पत्र,
केप ब्रेटनहून, कापऱ्या अक्षरात.
एव्हरेट गिलिस, वय एक्याऐंशी,
बायको गेल्यावर शिकायला घेतलंय.
"बाई, तुम्ही सोमवारी सांगणार होता.
मी पुढच्याही सोमवारी बसलो होतो.
तब्येत बरी आहे ना?"

मला केक कुठला यायला.
पण त्या रविवारी घरच्या ओव्हनपुढे
स्टूल टाकून बसलो.
पहिला बसला. दुसरा बसला.
तिसरा करपला.
चौथ्याच्या वेळी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले,
पन्नास मिनिटं, खरी.

मग लिहायला बसलो.
"गिलिससाहेब, मधे मधे दार उघडून बघू नका.
बाईंची तब्येत बरी आहे."
सही काय करावी सुचेना.
शेवटी लिहिलं,
सिंकखालून.